पटसंख्येचें राज्य

प्रतिवर्षीं जून महिना लागला म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील कॉलेजांना जी कळा चढते ती पाहून एखाद्या परगांवच्या गृहस्थास वाटावें कीं, येथील विद्येचा दुष्काळ यंदा कायमचा फिटणार. एस. टी. स्टँडांच्या भिंतींवर प्रवेशाचे फलक झळकतात. तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा या वाटांनीं प्राध्यापकांच्या टोळ्या गांवोगांव हिंडतात. बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या दारीं एकाच दिवशीं दोन कॉलेजांचे पाहुणे चहाला बसलेले आढळतात. पुढें यथाकाल स्नेहसंमेलन भरतें. प्राचार्य अहवाल वाचूं लागतात आणि पहिल्याच परिच्छेदांत 'पटसंख्या' नांवाचा आंकडा येतो. तो गतवर्षाहून थोडा फुगलेला असला कीं टाळ्या पडतात, अध्यक्ष मान डोलवितात, आणि कॉलेजचा कारभार उत्तम चालला असल्याचा निर्वाळा पुढच्या वक्त्याकडून मिळतो. या समारंभांत आम्हींहि पंचवीस-तीस वर्षें टाळ्या वाजविल्या आहेत. म्हणूनच आतां त्याविरुद्ध चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोंचतो, असें आम्ही समजतों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. पटावरील आंकडा हा शिक्षणाचा पुरावा नव्हे. तो इतकेंच सांगतो कीं, अमुक नांवें लिहिण्याचा अधिकार अमुक माणसांच्या हातीं होता. ज्याच्या हातीं नांव लिहिण्याची लेखणी, त्याच्याच हातीं तें खोडण्याचीहि. आणि या लेखणीला जाब विचारणारें जोंवर कोणी नाहीं, तोंवर कॉलेज हें विद्यामंदिर नसून एक कचेरी आहे. ही गोष्ट आमच्या वाडवडिलांच्या पिढीनें एका वर्षांत पुरतेपणीं अनुभविली. तें वर्ष १९३८-३९ चें, निजामी कालगणनेप्रमाणें फसली १३४८ चें. त्या वर्षाची कथा दर १७ सप्टेंबरला व्यासपीठावरून ऐकूं येते. तिच्यापासून घ्यावयाचा बोध मात्र कोणी सांगत नाहीं. तो सांगावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या काळचा आमचा मुलूख डोळ्यांपुढें आणावा. १८५३ च्या तहानें वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर धाराशिवचा प्रदेश इंग्रजांकडे गेला, नळदुर्गास मेडोज टेलर कारभार पाहूं लागला, आणि १८६० सालीं तो पुन्हां निजामाकडे परत आला. शेजारच्या सोलापुरांत इंग्रजी अंमल राहिला. सीमेच्या एका अंगास मुंबईचें विद्यापीठ आणि दुसऱ्या अंगास दरबारची मर्जी, अशी विद्येची वांटणी त्या दिवशींच होऊन गेली. १९४८ पर्यंत संबंध मराठवाड्यांत कॉलेज म्हणून कांहीं होतें तर तें औरंगाबादेस १९२३ सालीं निघालेलें इंटरमिजिएट कॉलेज. तेंहि पदवीपर्यंत नेणारें नव्हे. आमच्या जिल्ह्यांत तेवढेंहि नव्हतें. हिप्परग्यास १९२१ सालीं निघालेली राष्ट्रीय शाळा, जिचे मुख्याध्यापकपद पुढें स्वामी रामानंदतीर्थांनीं भूषविलें, हाच काय तो या बाजूचा दिवा. १९३१ च्या खानेसुमारीप्रमाणें संस्थानांत शंभरांत सुमारें पांच माणसें साक्षर होतीं. अशा मुलखांतून मॅट्रिक झालेला मुलगा येडशीस जाऊन बार्शी लाईट रेल्वेच्या चिमुकल्या गाडींत बसे व कुर्डुवाडीमार्गें पुण्यास जाई, नाहींतर सोलापूर गांठून वाडीवरून हैदराबादची वाट धरी. घरचें एखादें शेत गहाण पडे तेव्हां कोठल्या तरी पटावर त्याचें नांव चढे. त्या नांवाचें मोल केवढें होतें, हें यावरून ध्यानांत यावें.

हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठावर टीका करावयाची तर आधीं त्याचें श्रेय त्याला मोकळ्या मनानें दिलें पाहिजे. १९१७ सालीं अकबर हैदरी यांच्या टिपणावरून निजाम मीर उस्मान अली खान यांनीं या विद्यापीठाचें फर्मान काढलें, १९१८ सालीं सनद झाली आणि १९१९ मध्यें वर्ग भरूं लागले. हिंदुस्थानांतील सरकारी विद्यापीठें इंग्रजीवांचून तरणोपाय नाहीं अशा समजुतींत असतां, या विद्यापीठानें उर्दूला माध्यमाचें स्थान दिलें, इंग्रजीला एका सक्तीच्या विषयाच्या जागीं बसविलें, आणि 'ग्रंथ नाहींत' ही सबब न सांगतां भाषांतराचें स्वतंत्र खातें उघडून ग्रंथ निर्माण केले. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, पदार्थविज्ञान, फार काय, वैद्यकाचेहि पाठ तेथें उर्दूंतून दिले गेले. उर्दूचे थोर सेवक मौलवी अब्दुल हक हे १९३० पर्यंत औरंगाबादच्या कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांची भाषाभक्ति पाहून कोणाहि मराठी प्राध्यापकानें मान खालीं घालावी. आम्हीं स्वतः इंग्रजींतून पदवी मिळविली व उभा जन्म मराठी मुलांना इंग्रजी शिकविण्यांत घालविला. तेव्हां देशी भाषेचें विद्यापीठ काढणाऱ्यांस हंसण्याचें तोंड आम्हांस नाहीं.

परंतु 'देशी भाषा' हा शब्द जितका गोड तितकाच फसवा आहे. कोणाची देशी भाषा? १९३१ सालीं हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १ कोटि ४४ लाख होती. तींत निम्म्याच्या जवळपास लोक तेलुगु बोलत, चौथ्या हिश्शाहून कांहींसे अधिक मराठी, दहाव्या हिश्शाहून कांहींसे अधिक कानडी. आणि उर्दू ही ज्यांची मातृभाषा असे शंभरांत सुमारें दहाच. म्हणजे देशी भाषेच्या न्यायासाठीं उभारलेल्या विद्यापीठांत दहांपैकीं नऊ जणांच्या मातृभाषेला माध्यम म्हणून जागा नव्हती. तुळजापूरच्या मुलानें डोक्यावरील इंग्रजीचें ओझें उतरून उर्दूचें घेतलें, यांत त्याचा भार हलका झाला कोठें? याच सुमारास, किंबहुना एक वर्ष अगोदर, १९१६ सालीं, अण्णासाहेब कर्वे यांनीं हिंगण्यास महिला विद्यापीठ काढलें. त्याचें माध्यम मराठी होतें, कारण शिकणाऱ्या मुलींची भाषा मराठी होती. एकानें शिकणाऱ्याकडे पाहून भाषा ठरविली, दुसऱ्यानें दरबाराकडे पाहून. कर्व्यांच्या पहिल्या वर्गांत मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पटसंख्येच्या न्यायानें तें विद्यापीठ पहिल्याच वर्षीं मोडीत काढावयास पाहिजे होतें!

दरबारच्या सनदेनें निघालेलें, दरबारच्या पैशानें चाललेलें आणि दरबारच्या माणसांनीं चालविलेलें हें विद्यापीठ. त्याच्या कारभाराची परीक्षा १९३८ मध्यें झाली. त्या वर्षीं सप्टेंबरांत हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती धडपणें जन्मास येण्यापूर्वींच, बंदी घालण्यांत आली. ऑक्टोबरच्या अखेरीस तिचा सत्याग्रह सुरू झाला. आर्यसमाजाचाहि लढा त्याच सुमारास पेटला आणि सोलापूर हें त्याचें ठाणें बनलें. डिसेंबरांत तेथें लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली. या धामधुमींत, नोव्हेंबरमध्यें, औरंगाबादच्या कॉलेजच्या आणि हैदराबादेस उस्मानियाच्या वसतिगृहांतून विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळीं 'वंदे मातरम्' म्हणूं लागले. अधिकाऱ्यांनीं मनाई केली. मुलांनीं मनाई मानली नाहीं. मग वसतिगृहांचीं दारें त्यांस बंद झालीं, आणि पाहतां पाहतां शेंकडों विद्यार्थ्यांचीं नांवें पटावरून उडालीं.

या ठिकाणीं आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये म्हणून एक खुलासा करतों. त्या गीताविषयीं मुसलमान बांधवांची हरकत होती, आणि तिची दखल घेऊन सार्वजनिक सभांतून पहिलीं दोन कडवींच गावीं असें काँग्रेसच्या कार्यकारिणीनें १९३७ सालींच ठरविलें होतें. सबब, वसतिगृहांत काय गावें व काय गाऊं नये याविषयीं शहाण्या माणसांचा मतभेद होऊं शकतो. परंतु मतभेद तोडण्याची एक रीत असते. विद्यार्थ्यांस बोलावून विचारतां येतें, पालकांस पाचारण करतां येतें, दोन पक्षांची समजूत घालतां येते. येथें नियम करणारें, अपराध ठरविणारें, शिक्षा देणारें आणि गाऱ्हाणें ऐकणारें असें सर्व कांहीं एकच होतें, तें म्हणजे दरबार! ज्या मुलानें शेत गहाण टाकून नांव चढविलें होतें, त्याचें नांव एका हुकुमानें उतरलें. तो वर्गांत नियमानें बसत होता, अभ्यास करीत होता, परीक्षा देत होता. पण या गोष्टींची नोंद पटांत नसते. पटांत फक्त नांव असतें, आणि नांव हें मालकाचें.

काढलेल्या मुलांस घेणें म्हणजे निजामाचा रोष ओढवून घेणें होतें. तें धैर्य नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु टी. जे. केदार यांनीं दाखविलें व या विद्यार्थ्यांस आपल्या विद्यापीठाचीं दारें उघडलीं. नागपूरचें विद्यापीठहि १९२३ सालचेंच, म्हणजे औरंगाबादच्या कॉलेजच्या बरोबरीच्या वयाचें, आणि तेंहि परसत्तेच्या कायद्यानेंच निघालेलें. दोहोंत फरक इतकाच कीं, तेथें लेखणी धरणाऱ्यानें आधीं विद्यार्थी पाहिला व मग नांव लिहिलें. 'वंदे मातरम्' चळवळींतून नागपुरास गेलेल्या या मुलांपैकींच पी. व्ही. नरसिंह राव हे १९९१ सालीं हिंदुस्थानचे पंतप्रधान झाले. पण तसे न होतां जे गांवोगांव वकील, शिक्षक आणि पुढारी होऊन राहिले, त्यांचीच योग्यता आम्ही अधिक मानतों. संस्थानानें जो वर्ग आपल्या खर्चानें शिकवून आपल्या बाजूचा करावयाचा, तोच वर्ग त्यानें एका हिंवाळ्यांत आपल्या हातांनीं शत्रु करून सोडला. आणि वर्ष-सव्वा वर्ष उलटतें न उलटतें तोंच, ४ डिसेंबर १९३९ रोजीं, उस्मानियाच्या आर्ट्स कॉलेजच्या भव्य इमारतीचें उद्घाटन झालें. बेल्जियन वास्तुकार अर्नेस्ट जॅस्पर यांच्या आराखड्याप्रमाणें बांधलेली ती इमारत आजहि पाहणाऱ्याचे डोळे दिपविते. मात्र तिच्या पायऱ्या चढण्याचा ज्यांचा हक्क होता, त्यांतील कितीएक तोंवर नागपुरांत खोल्या भाड्यानें घेऊन राहिले होते.

इंग्रजी मुलखांत सर्व कांहीं आलबेल होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. १९३४ सालीं मुंबई सरकारनें काटकसरीची सबब पुढें करून पुण्याचें डेक्कन कॉलेज बंद केलें. तेथें एका विद्यार्थ्याचें नव्हे, सबंध कॉलेजचेंच नांव खोडलें गेलें. पण पुढें काय झालें तें पाहावें. माजी विद्यार्थ्यांनीं न्यायालयांत दाद मागितली, मुकुंदराव जयकरांसारखे कायदेपंडित त्यांच्या पाठीशीं उभे राहिले, आणि १९३९ च्या ऑगस्टांत तेंच कॉलेज संशोधनसंस्थेच्या रूपानें पुन्हां उघडलें. सरकारला जाब विचारण्यास तेथें एक जागा होती. तशी वाट उस्मानियाच्या विद्यार्थ्यांस मोकळी नव्हती. पुण्याचेंच दुसरें उदाहरण फर्ग्युसन कॉलेजचें. १८८५ सालीं तें निघालें तें आजीव सभासदांच्या बळावर. वीस वर्षें अल्प वेतनावर शिकविण्याची शपथ घेणारे शिक्षकच त्या संस्थेचे चालक. त्यांच्यांत कलह झाले नाहींत असें नाहीं. टिळकांनीं १८९० सालीं राजीनामा दिला तो अशाच कलहांतून. तथापि ते कलह उघड्यावर झाले, कागदावर झाले, आणि कलह करणारी माणसें दुसऱ्या दिवशीं फळ्यापाशीं उभीं राहणारीं होतीं. कारभार कोणाच्या हातीं असावा या प्रश्नाचें त्यांनीं दिलेलें उत्तर आजहि आम्हांस खरें वाटतें. जो वर्गांत जातो, त्याच्या हातीं.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा सोलापूरच्या बाजूनें संस्थानांत शिरल्या. पहिल्याच दिवशीं आमचें नळदुर्ग त्यांच्या हातीं आलें, आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. यानंतर शिक्षणाच्या बाबतींत आपण काय केलें? उस्मानियांतून उर्दू माध्यम गेलें, आणि त्या जागीं इंग्रजी येऊन बसली! दहांपैकीं नऊ जणांच्या भाषेवरील अन्याय दूर करण्याचा हा उपाय. इकडे मराठवाड्यांत मात्र कांहीं चांगलें घडलें. १९५० सालीं औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचें कॉलेज निघालें, त्याच सालीं स्वामी रामानंदतीर्थांच्या पुढाकारानें नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. पुढें धाराशिव जिल्ह्याच्या तालुक्यातालुक्यांत कॉलेजें झालीं. २०२३ सालीं जिल्ह्याचें नांवहि उस्मानाबाद जाऊन धाराशिव झालें. हें सर्व आम्हांस प्रिय आहे. पण पाटी बदलल्यानें लेखणी बदलते असें नाहीं. विज्ञानाच्या वर्गांत बसलेल्या मराठी मुलास इंग्रजींतल्या व्याख्या आजहि अर्थ न कळतां पाठ कराव्या लागतात, आणि एक सबंध भाषांतरखातें पदरीं बाळगून ग्रंथ निर्माण करण्याची जी हिंमत दरबारानें दाखविली, ती आमच्या लोकसत्तेनें त्या प्रमाणांत दाखविलेली नाहीं. निजामाचें जें घेऊं नये तें आपण घेतलें, आणि जें घेण्याजोगें होतें तेंच नेमकें टाकलें.

यावर कोणी म्हणेल, "प्राध्यापकमहाशय, तुमची तुलनाच मुळीं चुकते. कोठें ती जुलमी राजवट आणि कोठें आजच्या लोकांनीं लोकांसाठीं काढलेल्या संस्था! त्यांनीं मुलांना हांकलून दिलें. आम्ही तर हातीं धरून आणतों." आक्षेप वरवर पाहतां बिनतोड आहे. त्यास उत्तर म्हणून आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगतों. ती सांगतांना आम्हांस लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वींच्या एका जून महिन्यांत आम्ही प्रवेशाच्या मोहिमेवर एका वाडीस गेलों होतों. बारावीला बऱ्या गुणांनीं उत्तीर्ण झालेली एक मुलगी होती. तिचा बाप म्हणाला, "सर, नांव घाला खुशाल. पर दिवाळी झाली की पोरगी आमच्यासंगं कारखान्यावर येनार. मुकादमाची उचल घेतलीया." आम्हीं नांव घातलें. दिवाळीपर्यंत ती पहिल्या बांकावर बसली व चांगले प्रश्न विचारीत गेली. दिवाळीनंतर ती आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेली. कधीं तरी येईल या आशेनें, आणि पुढें ती आशा सुटल्यावर निव्वळ संवयीनें, आमच्या सहीनें तिची हजेरी लागत राहिली. कारण उघड होतें. तिच्यासारखीं दहा-बारा नांवें कमी झालीं असतीं तर तुकडी मोडली असती. तुकडी मोडली असती तर तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याचे तास गेले असते, आणि त्याच्या घरीं दोन लहान मुलें होतीं. ती मुलगी परत आली नाहीं. त्या वर्षीच्या अहवालांत "मुलींच्या पटसंख्येंत समाधानकारक वाढ" असें एक वाक्य होतें. त्या वाढींत ती होती. टाळ्याहि पडल्या.

आतां सांगा, तुलना कोठें चुकते? त्यांनीं वर्गांत बसलेल्यांचीं नांवें खोडलीं. आम्हीं न बसलेल्यांचीं नांवें राखलीं. जुलूम त्यांचा मोठा, हें कोण नाकारील? तुरुंग, लाठी आणि हद्दपारी यांच्या पंक्तीस आमचें हजेरीपुस्तक बसत नाहीं. परंतु दोन्ही ठिकाणीं मुलाची गरज काय हें विचारण्यापूर्वीं पटाची गरज काय हें विचारलें गेलें. १९३८ चा मुलगा निदान आपणांस काढलें आहे हें जाणून नागपूरची गाडी धरूं शकला. आमच्या त्या मुलीला कोणी काढलेंच नाहीं. कागदावर ती शिकतच होती! तेव्हां तिला पुन्हां वर्गांत आणण्याची जबाबदारी कोणावरच आली नाहीं. हांकलून देण्यांत निदान क्रौर्याची कबुली तरी असते. या आमच्या दयाळूपणांत तीहि नाहीं.

दुसरा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा. ते म्हणतात, "पटसंख्येवर पदें ठरतात, अनुदान ठरतें, विभाग टिकतात. तुम्ही निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहां, तुम्हांस उपदेश परवडतो. आम्हीं काय करावें?" हा आक्षेप मात्र पोटतिडकीचा आहे, आणि त्याला उत्तर देणें सोपें नाहीं. शिक्षकाचें पोट विद्यार्थ्याच्या नांवावर टांगून ठेवणारी ही रीत ज्या कोणी काढली, त्यानें शिक्षकास एकाच वेळीं लाचार व खोटारडा करण्याची सोय करून ठेविली. पण म्हणून लढा कोणाशीं द्यावयाचा? रिक्त जागा वर्षानुवर्षें न भरतां तासांच्या मजुरीवर पदवीधर राबविणाऱ्या धोरणाशीं द्यावयाचा, कीं त्या धोरणाची झीज मुलांच्या खोट्या हजेरीनें भरून काढावयाची? दुसरा मार्ग आम्हीं पत्करला, आणि त्यायोगें पहिल्या लढ्याचें बळच घालविलें. ज्याच्या वर्गांत कागदावर ऐंशी व डोळ्यांपुढें अठरा मुलें, तो कोणत्या तोंडानें शिक्षक मागणार?

कारभाराचीहि कथा याहून निराळी नाहीं. विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका १९९४ च्या कायद्यानें गेल्या आणि २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानें कागदावर परत आल्या. त्या कायद्यांत महाविद्यालय विकास समितीची तरतूद आहे. तींत शिक्षकांचे प्रतिनिधि आहेत, विद्यार्थिपरिषदेस जागा आहे. वाचकांनीं आपल्या शेजारच्या कोणाहि विद्यार्थ्यास विचारून पाहावें, तूं मतपेटी कधीं पाहिलीस काय, आणि त्या समितींत तुझ्या वतीनें कोण बसतो हें तुला ठाऊक आहे काय? उत्तरावरून १९३८ पासून आपण किती कोस पुढें आलों याचा अंदाज ज्याचा त्यास करतां येईल. २०१८ सालीं केंद्र सरकारनें आमच्या जिल्ह्याचें नांव 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या यादींत घातलें. नांव यादींत चढलें म्हणजे काम झालें, या आमच्या समजुतीस त्यानें आणखी एक आधार मिळाला, इतकेंच.

केवळ दोष दाखवून थांबणें आम्हांस मान्य नाहीं, म्हणून तीन मागण्या मांडतों. पहिली अशी कीं, वार्षिक अहवालांत जूनच्या आंकड्याशेजारीं फेब्रुवारींत प्रत्यक्ष वर्गांत बसणाऱ्यांचा आंकडा छापावा, आणि मध्येंच गेलेल्यांचीं कारणें लिहावीं. ऊसतोड, लग्न, पुण्यास स्पर्धापरीक्षेची तयारी, वाटखर्च, जें असेल तें. दुसरी अशी कीं, कोणाचेंहि नांव खोडण्यापूर्वीं त्यास लेखी कारण मिळावें, आणि त्याचें म्हणणें विकास समितीनें विद्यार्थिप्रतिनिधीच्या समक्ष ऐकावें. तसेंच कोणाचें नांव न येतां टिकून राहिलें तर त्याच्या घरीं एक शिक्षक जाऊन यावा. नांव चढविण्यास जीपगाडी जाते, तर मूल परत आणण्यास निदान सायकल जावी! तिसरी मागणी भाषेची. उस्मानियाच्या भाषांतरखात्याप्रमाणें आमच्या विद्यापीठानें मराठी ग्रंथनिर्मितीचें कायम खातें उघडावें, व विज्ञानाच्या पहिल्या वर्षाचें तरी एक-एक चांगलें पुस्तक मुलाच्या हातीं त्याच्या भाषेंत द्यावें. यांतील पहिल्या दोन मागण्यांस पैसा फारसा लागत नाहीं. लागते ती खरें बोलण्याची तयारी. आणि तीच महाग आहे, हें आम्ही स्वानुभवावरून सांगतों.

शेवटीं दोन शब्द आमच्या वाचकांस, म्हणजे सुशिक्षित घरांतील आई-बापांस. आपण म्हणाल, आमचीं मुलें तर पुण्यास व मुंबईस शिकतात. तालुक्याच्या कॉलेजचा पट फुगो कीं आटो, आम्हांस काय त्याचें? परंतु त्या कॉलेजांच्या संस्थांवर चालक म्हणून कोण बसतें? स्नेहसंमेलनास पाहुणे म्हणून कोण जातें? अहवालाला टाळी कोण देतें? आपणच. १९३८ सालीं दरबारास जाब विचारणें जिवावरचें काम होतें, तरी वीस वर्षांच्या पोरांनीं तें केलें व आपलीं नांवें गमावलीं. आज जाब विचारण्यास तुरुंगाची भीति नाहीं. फार तर अध्यक्षांची गैरमर्जी होईल. पुढल्या संमेलनांत पटसंख्येचा आंकडा वाचला जाईल तेव्हां आपल्यापैकीं एकानें तरी उठून शांतपणें विचारावें कीं, यांतील किती मुलें आज वर्गांत होतीं? आमच्या कॉलेजांत तो प्रश्न विचारला गेला तर उत्तर देण्यास आम्ही उभे राहूं, आणि खरें सांगूं, असें या लेखाच्या रूपानें आम्ही वचन देतों.